अंडं बाजूला ठेव, राजाकडे बघ

परभणी

चि. सोनू,



आज सकाळी तुझ्या बाबांचा निरोप वाचला आणि जीव भांड्यात पडला. तुमच्या इग्वानानं, राजानं, रात्रभर माती उकरली, पहाटे अंडी दिली, आता पाणी पिऊन दिव्याखाली डोळे मिटून पडली आहे. फोनवर त्या दिवशी मी तुला भराभर हुकूम सोडले, 'का' सांगायला वेळच नव्हता. फोनवरचं बोलणं विसरतं, कागद वहीत राहतो. तुला हा कागद पुढच्या वर्षी पुन्हा लागणार आहे, म्हणून लिहितो.

तू फोन केलास तेव्हा घरात कोण आनंद झाला होता! तुमच्या संभाजीनगरच्या सिडकोतल्या त्या घरात अर्धी गल्ली अंडं बघायला जमली होती. तीन वर्षं ज्याला नर समजून राजा म्हणत होतात ती मादी निघाली, याची मजा सगळ्यांना वाटणारच. विकणाऱ्यानं हातात बोटभर पिल्लू ठेवताना 'नर आहे' असं छातीठोक सांगितलं होतं. खरं म्हणजे इग्वानाचं पिल्लू नर की मादी हे त्या वयात नुसतं बघून ओळखता येत नाही. दीड-दोन वर्षं उलटली की नराच्या मांडीच्या आतल्या बाजूची छिद्रांची रांग ठळक होते, डोकं आणि गळ्याखालची झालर मोठी दिसायला लागते. मादीत ती छिद्रं बारीकच राहतात.

पण मी विचारलं, "अंडी किती?" आणि तू म्हणालास, "एकच." माझी काळजी तिथूनच सुरू झाली.

इग्वाना एक अंडं देत नाही. पूर्ण वाढलेली मादी एका वेळी वीसपासून साठ-सत्तरपर्यंत अंडी देते. सुरुवात झाली की काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत ती सगळी बाहेर यायला हवीत. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, उघड्या फरशीवर एकच अंडं पडलेलं सापडतं, तेव्हा बाकीची पोटात आहेत आणि तिला ती टाकायला जागा मिळालेली नाही, असं समजायचं. घरचे सगळे त्या अंड्याभोवती जमतात आणि जिचा जीव धोक्यात आहे तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. त्या दिवशी मी तुला 'अंडं बाजूला ठेव, राजाकडे बघ' असं जरा जोरात म्हणालो ते यासाठी.

नर नसताना अंडी आली कशी, हा तुझा पहिला प्रश्न. आपल्या गावी अंगणात कोंबड्या असतात. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालतेच, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. इथेही तेच. मादी वयात आली, खाणं भरपूर मिळालं, उजेड आणि ऊब हवी तेवढी मिळाली की शरीर अंड्यांच्या तयारीला लागतं. नर भेटणार की नाही याची ते वाट बघत नाही. हिवाळा सरता सरता आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पाळीव इग्वानांमध्ये हे बऱ्याचदा होतं. तुम्ही तिला नीट सांभाळलंत, पोटभर खाऊ घातलंत, म्हणूनही अंडी आली. कुणाचं काही चुकलेलं नाही आणि यात अपशकुनही नाही. आजीला एवढं माझ्या नावानं सांग. पल्लीपतनाचं फळ पंचांगात छापलेलं असतं म्हणून तिला घरातल्या पालीची धास्ती वाटते, हे मला ठाऊक आहे. तिला राजाजवळ नेऊन बसव. इतका दमलेला जीव डोळ्यांनी बघितला की तीच त्याला पाणी दे म्हणेल.

दुसरा प्रश्न पिल्लांचा. तू फार आशेनं विचारलंस, म्हणून सरळ सांगतो: पिल्लं निघणार नाहीत. राजानं नर कधी पाहिलाच नाही, तेव्हा ही अंडी रिकामी आहेत. नराशिवाय पिल्लं होण्याची उदाहरणं सरपटणाऱ्या प्राण्यांत आहेत, ती खरी आहेत आणि विलक्षण आहेत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुंगाई नावाची कोमोडो ड्रॅगनची मादी होती. नरापासून वेगळी होऊन दोन वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर तिनं 22 अंडी दिली आणि त्यांतून 4 पिल्लं निघाली. चेस्टरच्या फ्लोराला तर नराची सोबत कधीच मिळालेली नव्हती, तिनं 25 अंडी दिली. शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून या पिल्लांना बाप नाही हे सिद्ध केलं आणि 2006 च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध केलं. इतकं लांब जायचंही कारण नाही. पावसाळ्यात आपल्या कुंड्यांच्या ओल्या मातीत काळपट, गांडुळासारखा वळवळणारा वाळा निघतो ना, त्या सापाच्या जातीत नर सापडतच नाहीत. सगळ्या माद्या, आणि पिल्लंही माद्याच. कुंड्यांतल्या मातीबरोबर ही जात जगभर पसरली आहे. पण कोमोडोचं आणि वाळ्याचं वेगळं. राजाच्या अंड्यांतून काही निघेल म्हणून ती उबदार डब्यात ठेवून रोज उघडून बघू नकोस. बुरशी येईल, वास सुटेल आणि तू हिरमुसशील.

ज्या अंड्यानं एवढी धावपळ उडवली ते एकदा हातात घेऊन नीट बघ, हातमोजा घालून. पालीचं अंडं तू स्विचबोर्डच्या मागं पाहिलं असशील. वाटाण्याएवढं, पांढरं, चुन्यासारखं कडक, एका वेळी दोनच. इग्वानाचं अंडं अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठं, लांबट असतं आणि त्याचं कवच चिवट, चामड्यासारखं असतं. बोटानं हलकं दाबलं तर दबतं. फळलेलं अंडं पांढरंशुभ्र आणि टच्च भरलेलं राहतं. काही दिवसांनी अंधारात मागून बॅटरी धरली की आत लालसर शिरा दिसतात. रिकामं अंडं पिवळट दिसतं, एका बाजूनं बसतं, सुकत जातं. तुझी कशी आहेत ते वहीत लिही, हवं तर चित्र काढ. मग सगळी पिशवीत घालून गोठवा आणि टाकून द्या. मात्र खड्ड्यातली अंडी काढायची ती राजा तिथून स्वतः बाजूला झाल्यावरच. काही माद्या दिल्यावर थोडा वेळ माती लोटत, राखण करत बसतात. तेवढा वेळ तिला द्यायचा.

आता त्या मातीच्या पेटीविषयी. एका बालदीतल्या ओल्या मातीसाठी मी तुम्हाला रात्री का पळवलं, हे समजायला हवं.

पावसाळ्यात पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की हिमायतबागेत जा. तिथल्या फळझाडांच्या आळ्यांत, जिथं माती ओली आणि मोकळी असते, तिथं आपल्या नेहमीच्या बागसरड्याची मादी दिसली तर लांब थांबून बघ. ती आधी दोन-चार ठिकाणी माती हुंगून, थोडी उकरून सोडून देते. एखादी जागा पसंत पडली की पुढच्या पायांनी माती ओढून मागच्या पायांनी मागं फेकते. खड्डा खोल झाला की त्यात अंडी सोडते, दहा-वीस तरी असतात. मग माती परत लोटते आणि तोंडानं थोपटून थोपटून जागा अशी सारखी करते की दुसऱ्या मिनिटाला ती आपल्यालाही सापडत नाही. माती कोरडी खडखडीत असेल, जागा उघडी असेल, माणसांची वर्दळ असेल, तर ती अंडी देत नाही, पोटात धरून ठेवते. हा तिचा हट्ट नाही. ओल नसली तर चामडी कवचाची अंडी सुकून मरतात, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे.

मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या जंगलांत राहणाऱ्या इग्वानाचं नेमकं तसंच असतं. राजाच्या पिंजऱ्यात फरशी, वर्तमानपत्र आणि दोन फांद्या. तिनं आठवडाभर काच खरवडली, कोपरे उकरले आणि तुम्हाला वाटलं तिला बाहेर फिरायचंय. ती माती शोधत होती.

म्हणून पुढच्या वेळेसाठी लिहून ठेव. तिला आत शिरून पूर्ण वळता येईल एवढी झाकणाची प्लॅस्टिकची पेटी, वरच्या बाजूला एकच भोक. आत निदान एक फूट खोल माती. तीही आपली मराठवाड्याची काळी माती मुळीच नको. ती भिजली की चिकट गोळा होते आणि वाळली की भेगाळून दगड होते. त्यात बिळाचं तोंड टिकत नाही. चाळलेली लाल माती आणि धुतलेली वाळू अर्धी-अर्धी घ्या. खत, शेणखत, कीटकनाशक काही नको. ओल इतकीच की मूठ आवळली तर ढेकूळ धरावं, पण पाणी गळू नये. पेटी उबदार राहू द्या, आतल्या मातीचं तापमान 29-30 अंशांच्या आसपास. वर चादर टाकून अंधार करा. आणि तिला एकटी सोडा. दर अर्ध्या तासाला झाकण उचलून बघणाऱ्या घरात इग्वाना अंडी देत नाही. त्या रात्री तुम्ही सगळे दुसऱ्या खोलीत झोपलात, हे फार चांगलं केलंत.

अंडी यायच्या आधी चार-पाच आठवडे तिचं खाणं कमी होत जातं, शेवटी जवळपास थांबतं. त्याची भीती बाळगायची नाही, पोटात जागाच उरत नाही. पण खाणं थांबलेली मादी जागी, चौकस, इकडे-तिकडे फिरणारी असली पाहिजे. पोट फुगलेलं आणि ती एका जागी मलूल पडलेली, कळा देते पण काही येत नाही, बोटं किंवा पाय थरथरतात, झटके येतात, मागून घाण पाणी किंवा रक्त येतं, यांतलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. दुसऱ्या दिवशी नाही. थरथर हे अंगातलं कॅल्शियम संपत आल्याचं लक्षण असतं. अंड्यांसाठी लागणारं कॅल्शियम खाण्यातून पुरलं नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. हाडं ठिसूळ होतात, आणि स्नायूंना आकुंचन पावायलाही कॅल्शियमच लागतं, ते नसलं की अंडी ढकलायची ताकदच राहत नाही. अंडी आत अडकून पडतात. पुष्कळ पाळीव इग्वाना माद्या अशाच जातात आणि घरच्यांना वाटतं, चांगलं चाललं होतं, अचानक काय झालं!

अशा वेळी दोन गोष्टी कुणी कितीही सांगितल्या तरी करायच्या नाहीत. एक, पोट दाबून अंडं बाहेर काढायला जायचं नाही; आत फुटलं तर पोटात पू होतो. दुसरं, म्हैस पान्हवायचं इंजेक्शन. दूधवाल्यांच्या ओळखीनं ते कुठंही मिळतं आणि 'यानं सुटेल' असं सांगणारा शहाणा दर गल्लीत असतो. ते ऑक्सिटोसिन आहे. डॉक्टर कधी कधी सरड्यांनाही ते देतात, पण आधी एक्स-रे काढून वाट मोकळी आहे याची खात्री करून, शरीरात कॅल्शियम आणि पाणी भरून, मोजून. वाट अडलेली असताना ते दिलं तर अंडनलिका फाटते. मी गुराढोरांच्या नोकरीत सगळी हयात घालवली, आणि हे इंजेक्शन ज्याच्या त्याच्या हातात गेल्याचा मला मनापासून संताप येतो.

तुम्ही तिला त्याच दिवशी दुपारी नेलंत, एक्स-रे काढून घेतलात, त्यात पोटभर अंड्यांच्या फिक्या सावल्या दिसल्या, डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं आणि एक रात्र थांबून बघू म्हणाले. बरोबर वागले. संभाजीनगरात खडकेश्वरला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, शहरात खासगी दवाखानेही पुष्कळ आहेत, पण सरपटणाऱ्या प्राण्यांचा हात बसलेला डॉक्टर शोधावा लागतो. तो शोध अडचणीच्या रात्री करायचा नसतो. आत्ताच, ती बरी असताना, दोन-तीन नंबर काढून पिंजऱ्यावर चिकटवून ठेवा. इथं परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मुंबईत परळला 1886 सालचं जुनं पशुवैद्यक महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. कठीण प्रसंगी तुमच्या डॉक्टरांनी तिथल्या जाणकारांशी बोलावं, असं बाबांना सांग.

आता आज आणि पुढचे दोन महिने. अंडी दिलेली इग्वाना एकदम खंगलेली दिसते. पोट खपाटीला जातं, कमरेची हाडं वर येतात, शेपटीचं मूळ बारीक होतं. घाबरू नका आणि लाडानं भलतंसलतं चारू नका. आधी पाणी. तुमच्या नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं, तरी तिच्यासाठी रोज अर्धी बालदी राखून ठेवावी लागेल. कोमट पाण्याच्या उथळ टबात तिला दहा-पंधरा मिनिटं बसव, खांद्यापर्यंतच पाणी, आणि तू तिथून हलायचं नाहीस. मार्चनंतर तुमच्याकडची हवा अशी कोरडी होते की आपलेच ओठ फुटतात. ही तर दमट जंगलातली. पिंजऱ्यात दिवसातून दोन-तीनदा फवारा मार.

खाण्यात शेवग्याचा पाला सगळ्यांत आधी. कॅल्शियम त्यात भरपूर, आणि मराठवाड्यात तो मागितला तर शेजारी फांदीच तोडून देतात. जास्वंदीची पानं आणि फुलं, कोथिंबीर, लाल भोपळा, दोडका, घेवड्याच्या शेंगा. थोडी पपई, आणि हंगाम असेल तर एखादं ताजं अंजीर, त्यातही कॅल्शियम चांगलं असतं. औरंगपुऱ्याच्या मंडईतून पालेभाजी आणाल तेव्हा पालक, चुका, अळू, राजगिरा बाजूला ठेवा. माणसाला त्या चांगल्या, पण त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि तिच्या हाडांपर्यंत पोचू देत नाही. भाजी फवारलेली असते, म्हणून मिठाच्या पाण्यात नुसती बुचकळून भागत नाही, वाहत्या पाण्यात धुवा. आणि 'अशक्त झालीय, उकडलेलं अंडं द्या, पनीर द्या' असं आजी किंवा काकू म्हणतील. नको. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. मांस, अंडं, पनीर यांनी तिची मूत्रपिंडं खराब होतात. कॅल्शियमची पूड डॉक्टरांनी दिली असेल तेवढीच, पानांवर भुरभुरून. माणसांच्या गोळ्या कुटून नाही.

पण कॅल्शियम खाल्लं म्हणून हाडात जात नाही. त्यासाठी कातडीवर अतिनील किरण पडून ड जीवनसत्त्व तयार व्हावं लागतं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते किरण जवळपास नसतात, काच ते अडवते. म्हणून यूव्हीबीची नळी लागते, आणि ती उजेड देत राहिली तरी सहा महिने ते वर्षभरात तिच्यातले ते किरण संपतात. तुमची नळी कधीची आहे? तिच्यावर तारीख लिहिली आहे का? बघून कळव. सकाळी गॅलरीत थेट ऊन दिलंत तर सोन्याहून पिवळं, पण जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागात सावली करून. काचेच्या टाकीत घालून उन्हात कधीच ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ती टाकी थोड्याच मिनिटांत जीव घेते. दिव्याखालची जागा 35 अंशांपर्यंत, दुसरं टोक 27-28, आणि तिला इकडून तिकडे जाता आलं पाहिजे.

थंडीचंही लक्षात ठेव. अमेरिकेत फ्लोरिडा म्हणून राज्य आहे, तिथं पाळलेले इग्वाना लोकांनी सोडून दिले आणि ते रानभर झाले. 2020 च्या जानेवारीत तिथल्या हवामान खात्यानं लोकांना चक्क इशारा दिला की थंडीनं गारठलेले इग्वाना झाडांवरून पडतील, सांभाळा. संभाजीनगरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. लाइट गेली आणि ऊब देणारा दिवा बंद पडला तर पहाटेपर्यंत राजा गारठून जाईल. इन्व्हर्टरला तो दिवा जोडून घ्या.

त्या फ्लोरिडातूनच आणखी एक गोष्ट समजून घे. तुझा मित्र त्याचा नर इग्वाना घेऊन येतो म्हणाला, 'दोघं एकत्र ठेवू, पिल्लं होतील.' मला हे अजिबात मान्य नाही. तीस-चाळीस पिल्लं निघाली तर त्या प्रत्येकाला दिवा, पिंजरा, डॉक्टर आणि पंधरा-वीस वर्षांचं घर लागतं. राजा साडेचार-पाच फुटांची होणार आहे. एवढी घरं तुझ्याकडे नाहीत, मित्राकडेही नाहीत. मग ती कुणाला तरी दिली जातात, तिथून कुणीतरी हिमायतबागेत किंवा सलीम अली सरोवराच्या काठी सोडून येतं. पोर्टो रिको आणि तैवानमध्ये असेच सोडलेले इग्वाना वाढून शेतीला आणि तिथल्या मूळच्या प्राण्यांना डोईजड झाले आहेत. शिवाय हा कायद्याचाही प्रश्न आहे. इग्वाना साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा 2022 मध्ये सुधारला आणि 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्यांना सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणं, सगळं कळवावं लागतं. तुझ्या बाबांनी नोंदणी केली आहे, हे चांगलं केलं. तिथं नर लिहिलं गेलं असेल तर ते मादी करून घ्यायला सांग.

आणि राजाचं कौतुक बघून वर्गातला कुणी बागेतला सरडा, शॅमेलिऑन किंवा घोरपडीचं पिल्लू पकडून आणायला निघाला तर त्याला तूच थांबव. आपल्या रानातले हे प्राणी पाळायचे नसतात. घोरपड तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. तिच्या अवयवांची 'हत्थाजोडी' म्हणून, झाडाची मुळी आहे असं भासवून विक्री होते आणि त्यापायी किती घोरपडी मारल्या जातात! सरडे बघायची हौस असेल तर पावसाळ्यात ये, आपण दोघं हिमायतबागेत जाऊ. आपल्या मराठी मुलखात वरद गिरी यांच्यासारखी माणसं पालींवर आयुष्यभर काम करत आली आहेत. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर सापडलेली एक पाल त्यांनी आणि एरन बावर यांनी 2008 मध्ये जगासमोर आणली, तिच्या नावातच सातारा आहे. दगड उचलून, बघून, पुन्हा जसाच्या तसा ठेवणारी ही माणसं. घरात आणून कोंडणारी नव्हेत.

घरातल्या धाकटीला राजापासून सध्या लांब ठेव. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जंतू असतात, अंड्यांवरही. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्यानं जोराचे जुलाब होतात. राजाचा टब आणि भांडी ओट्यावर धुवायची नाहीत, न्हाणीघरात धुवायची. हात लावला की साबणानं हात.

शेवटचा विषय पुढच्या वर्षाचा. राजा दरवर्षी अंडी देण्याची शक्यता आहे, आणि दरवर्षी हा धोका परत येईल. यावर कायमचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून अंडाशय आणि अंडनलिका काढून टाकणं. सराव असलेला सर्जन मिळाला तर तो करून घेण्यासारखा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आता लगेच नाही. आधी तिची हाडं आणि वजन भरून येऊ दे, दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांशी बसून ठरवा. खर्च होईल, बाबा कुरकुरतील. तेव्हा तू त्यांना हे पत्र दाखव. प्राणी घरात आणला तेव्हाच हा खर्च आपण मान्य केलेला असतो.

तोवर तुझ्याकडे एकच काम. वजनकाटा आणून घे, स्वयंपाकघरातला नको, वेगळा. दर रविवारी सकाळी खायला घालायच्या आधी तिचं वजन कर आणि तारीख घालून वहीत लिही. काय खाल्लं, शी कशी झाली, पाय थरथरले का, हेही एकेका ओळीत. दोन आठवडे वजन वाढलं नाही किंवा पाचव्या दिवसापर्यंत तिनं पानाला तोंड लावलं नाही, तर माझी वाट न बघता डॉक्टरांकडे जा. पहिलं वजन या रविवारी कर आणि दुपारच्या आत मला फोनवर सांग.

तुझा,
मामाआजोबा